डिझेलच्या नळीवरचं लोहचुंबक

“...मग ॲव्हरेज वाढलं कशानं, अप्पाजी?”

 अप्पाजींच्या तळहातावर मुठीएवढी एक पोलादी डबी होती. ती अडकवायच्या पट्ट्या दोन्ही बाजूंना लोंबत होत्या.

समोर मठाच्या जीपचं बॉनेट उघडं होतं. डबी जिथं असायला हवी होती, तिथं डिझेलची नुसती काळी नळी.

महांतेश हत्तरगीनं परत एकदा आत वाकून पाहिलं.

“श्रावणातच काढून घेतली मी,” अप्पाजी म्हणाले. “बसाप्पाकडून.”

आता दिवाळी होऊन गेली होती, आणि डबीशिवायही ॲव्हरेज उतरलं नव्हतं.

घाटमाथ्यावरचा हा मठ तसा लहानच. पण घाटातून जाणारी प्रत्येक गाडी कमानीपाशी क्षणभर थांबे, ड्रायव्हर स्टेअरिंगवरचा हात छातीला लावी आणि मगच उतार धरी. मठाचे स्वामी अप्पाजी फारसे बोलत नसत. लोकांना त्यांचं न बोलणंही पुरत असे.

महांतेश त्यांचा लाडका शिष्य. बेळगावात इंजिनिअर झाला, नोकरीत मन रमलं नाही म्हणून परत आला, मठाची जीप चालवू लागला. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे तो विसरत नसे. बाहेरच्या एका कंपनीची ही डबी त्यानं आणली. आत लोहचुंबक. डिझेलच्या नळीवर बसवलं की म्हणे डिझेलचे कण सुटे होतात, पुरते जळतात, आणि तेवढ्याच डिझेलमध्ये गाडी जास्त पळते. पहिली डबी त्यानं मठाच्याच जीपला बसवली. टाकी काठोकाठ भरून, पुन्हा काठोकाठ भरेपर्यंत गाडी किती पळाली ते तो स्वतः मोजायचा. ॲव्हरेज खरंच वाढलं होतं.

मग घाटात वडाप करणाऱ्या, उतारू भरून नेणाऱ्या जीपवाल्यांनीही त्याच्याकडून डब्या घेतल्या. वेष्टनावर मठाचं शिखर होतं, आणि त्याखाली आशीर्वादाला उचललेला अप्पाजींचा हात. छापण्याआधी महांतेशनं विचारलं होतं. अप्पाजी गप्प राहिले होते. तो त्यानं होकार धरला.

आज सकाळी घाटाखालच्या स्टँडवर गडहिंग्लजच्या एका गॅरेजवाल्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, की हे खेळणं आहे, यानं काही होत नाही. महांतेश तिथून तडक वर आला. त्याचं म्हणणं साधं होतं. जत्रेला सगळे गाडीवाले जमतात, तेव्हा अप्पाजींनी दोन शब्द बोलावेत. जे खरं आहे तेच सांगावं, की मठाच्या जीपचं ॲव्हरेज वाढलं.

अप्पाजींनी ऐकून घेतलं आणि त्याला बॉनेट उघडायला सांगितलं.

जीपचं ऑइल-पाणी मठातला बसाप्पा बघायचा. पावसाळा लागल्यापासून महांतेशनं बॉनेट उघडलं ते आजच.

“डबी आणलीस तेव्हापासून गाडी कशी चालवतोस?” अप्पाजींनी विचारलं.

महांतेश आठवून सांगू लागला. पाय एकदम दाबत नाही. वळण दिसलं की ब्रेक मारण्याऐवजी आधीच पाय उचलतो. चहाला थांबलो तर इंजिन बंद करतो. खाली गेलं की टायरची हवा तपासून घेतो. आणि डबी बसवली त्याच दिवशी एअर फिल्टरही नवा घातला होता.

“का?”

“यंत्राला नीट संधी मिळावी म्हणून...”

बोलता बोलता त्याचा आवाज खाली गेला.

“हे गाडीवाल्यांना सांगितलंस?”

“डबीचं सांगितलं.”

“हवेचं?”

“...नाही.”

 कारण महांतेशला कळत होतं. हवा भरा आणि पाय हलका ठेवा एवढंच सांगितलं असतं, तर डबी घेतली कुणी असती?

 कमानीपाशी एक ट्रक थांबला आणि गेला.

“तुला ठाऊक होतं?” अप्पाजी म्हणाले.

महांतेशनं खाली पाहिलं. उन्हाळ्यात एकदा, नेसरीकडच्या सपाट रस्त्यावर, त्यानं एकट्यानंच गाडी पळवून पाहिली होती. डबी लावून, आणि मग डबी काढून. काहीच फरक पडला नव्हता. ही गोष्ट तो कुणालाच बोलला नव्हता, स्वतःलाही पुरती नाही.

“एकदा तपासलं होतं,” तो म्हणाला. “फरक आला नाही. मला वाटलं, त्या दिवशी वारा उलटा असेल...”

“वारा होता?”

“...नव्हता.”

अप्पाजींनी डबी खांद्यावरच्या जोळगीत टाकली आणि जीपमध्ये जाऊन बसले.

“चल,” ते म्हणाले. “पाना घे.”

घाटाखालच्या स्टँडवर जीपा ओळीनं लागल्या होत्या. पहिला नंबर दस्तगीर नाईकवाडीचा. पण त्याची जीप रिकामी होती, आणि मागची भरत आली होती. दस्तगीर बॉनेटला टेकून उभा होता. मठाची जीप पाहून तो लगबगीनं पुढं आला, अप्पाजींना हात धरून उतरवलं. अप्पाजी कधी स्टँडवर येत नसत. चहाच्या टपरीवरचे ड्रायव्हर आपसूक उठून उभे राहिले.

अप्पाजींनी दस्तगीरला बॉनेट उघडायला सांगितलं.

आतल्या तेलकट काळेपणात डिझेलच्या नळीवर डबी होती. तिच्यावर पिवळ्या शेवंतीचं एक फूल दोऱ्यानं बांधलेलं होतं.

“गुरुवारी दर्ग्यात फुलं नेतो,” दस्तगीर थोडा संकोचून म्हणाला. “त्यातलं एक हितं ठेवतो. मठाची वस्तू हाय म्हणून.”

महांतेशच्या हातातला पाना हातातच राहिला.

गाडीचं काय चाललंय, असं अप्पाजींनी विचारलं, तेव्हा दस्तगीर आधी बरंच चाललंय म्हणाला. मग हळूहळू सांगू लागला. पावसाळ्यापासून गाडी काळा धूर टाकत होती. गॅरेजवाला म्हणाला होता, इंजिनात डिझेल फवारणारं नोझल गेलंय, काढून दुरुस्त कर. पण महांतेशअण्णांनी सांगितलं की डबीनं आतली जुनी घाण जळून बाहेर पडतेय, दम धर. म्हणून त्यानं दम धरला. मग गाडीची ओढ गेली. घाटातल्या मोठ्या चढावर उतारूंना खाली उतरून चालावं लागायचं. एकदा गुडघे धरलेली एक म्हातारी पदर तोंडाला लावून, त्या धुरातनंच, जीपच्या मागं चालत चढली. ते आरशातनं त्याला बघवलं नाही. आता लोक त्याच्या जीपमध्ये बसतच नव्हते.

सांगताना त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट काहीतरी कबूल करत असल्यासारखा तो बोलत होता.

“बाकीच्यांना गुण आला म्हणत्यात,” तो म्हणाला. “माझीच श्रद्धा कमी पडली असंल, अण्णा.”

महांतेशला वाटलं, यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो डबीकडे वाकला. पट्टीचा स्क्रू समोर होता, पण त्या फुलाला हात लावायचा त्याला धीर होईना.

अप्पाजींनी त्याच्या हातून पाना घेतला.

 पाना दोनदा निसटला, बोटांना काळं लागलं. दस्तगीर मदतीला पुढं झाला, त्याला त्यांनी मानेनंच थांबवलं. दोरा सोडून फूल त्यांनी दस्तगीरच्या हातात दिलं. मग डबी काढली.

“दस्तगीर, यात काही नाही,” ते म्हणाले. “पहिल्यापासून काही नव्हतं. मला श्रावणात कळलं. हा शिष्य आपणहून बघेल, शिकेल, म्हणून मी गप्प बसलो. मी याला शिकवत बसलो... आणि ती म्हातारी चालत चढली.”

एवढं बोलून अप्पाजींनी काळे झालेले दोन्ही हात जोडले आणि मान खाली घातली.

 टपरीवरचं चहाचं भांडं उतू जात होतं, ते कुणी उतरवलं नाही.

दस्तगीर पुरता गोंधळला. त्यानं अप्पाजींचे जोडलेले हात धरून खाली केले.

“असं करू नका, अप्पाजी,” तो म्हणाला. “तुमचा हात व्हता डबीवर. दगड दिला असता तरी बांधला असता मी.”

अप्पाजींनी डोळे मिटले.

आजवर महांतेशनं गुरूला कुणापुढं खाली मान घालताना पाहिलं नव्हतं. आता ते त्याच्यापायी घडलं होतं, आणि तेही ज्यांच्यापुढं तो इतके दिवस इंजिनिअर म्हणून ताठ मानेनं उभा राहायचा, त्यांच्यादेखत.  पळून जावंसं वाटलं. पण पाय तिथंच होते.

“धूर नोझलचाच होता,” तो म्हणाला. मग त्यानं पुन्हा सांगितलं, टपरीपर्यंत ऐकू जाईल असं. “नोझलचाच होता, दस्तगीरभाई. मला तेव्हाच ठाऊक होतं. डबीला कुणी नाव ठेवू नये म्हणून मी खोटं सांगितलं.”

दस्तगीरनं त्याच्याकडे पाहिलं. हातातलं फूल कुठं ठेवावं ते त्याला कळत नव्हतं. शेवटी त्यानं ते शर्टाच्या खिशात घातलं.

नोझलचं काम आजच करून देतो, डबीचे पैसेही परत करतो, असं महांतेश सांगत राहिला. 

“तवा सांगायचं व्हतं, अण्णा,” एवढंच दस्तगीर म्हणाला, आणि बॉनेट हळूच खाली घेतलं.

टपरीवरच्या एकानं आपल्या जीपकडे पाहिलं. मग दुसऱ्यानं. पण पुढं कुणी आलं नाही. अप्पाजींसमोर बोलायचं कसं, हा प्रश्न त्यांच्या तोंडांवर दिसत होता.

महांतेश अप्पाजींना धरून मठाच्या जीपपाशी घेऊन आला. त्यांना बसवलं. स्वतः स्टेअरिंगवर बसला, पण चावी फिरवली नाही. ओळीत उभ्या असलेल्या जीपा समोर दिसत होत्या. त्यातल्या बहुतेकींच्या बॉनेटखाली काय आहे ते त्याला माहीत होतं. आणखी किती डब्यांवर फुलं असतील, ते माहीत नव्हतं.

“अप्पाजी...”

“हं.”

“बाकीच्यांकडे उद्या आलो तर चालेल? मी एकटा येईन. सगळ्यांकडे जाईन, शब्द देतो. पण आज...” त्यानं कपाळ स्टेअरिंगला टेकलं. “आज फार लाज वाटतेय.”

अप्पाजी पुन्हा खाली उतरले होते. पाना त्यांच्याच हातात होता.

“म्हणून तर आज,” ते म्हणाले. “उद्यापर्यंत ती जिरून जाईल.”