दोघांमधला भुऱ्या

"पण बुवा, कुत्र्याचं सुतक धरतात का?"

दौलतराव जगदाळे मठाच्या ओसरीवर उभेच होते. उद्धवबुवांनी बसा म्हटलं. ते बसले, लगेच उठले. गावचे माजी सरपंच, आवाज करारी. पण आज हात कुठं ठेवावेत ते त्यांना उमगत नव्हतं.

"भुऱ्या गेल्यापासून घास उतरत नाही. सख्खा भाऊ गेला, तेव्हाही असं झालं नाही. लोक हसतात."

बुवा वाती वळत होते. "काय करायचा तो?"

"काही नाही. ओट्यावर पडून असायचा."

"त्याच्याशी बोलायचात?"

"बोलायचो की. ऊन वाढलं की म्हणायचो, भुऱ्या, रानात जाणाऱ्याला सांग, डोक्याला टॉवेल गुंडाळ म्हणावं."

"रानात कोण जायचं?"

"...विलास. मुलगा."

"आणि तो काय म्हणायचा?"

"भुऱ्यापुढं भाकरी टाकताना तो त्यालाच सांगायचा. भुऱ्या, म्हाताऱ्याला म्हणावं, गोळी घ्यायची राहिलीय."

बुवांचे हात थांबले.

दौलतराव ओसरीच्या टोकापर्यंत गेले, परत आले. "मला न विचारता बैलजोडी विकली त्यानं. ट्रॅक्टर आणला. चारचौघांत बोलून गेलो, पुन्हा तुझ्याशी बोलणार नाही. शब्द म्हणजे शब्द."

"इथं कसे आलात?"

"त्यानंच आणलं. मोटरसायकलवर."

"वाटेत काय बोललात?"

दौलतरावांनी फाटकाकडं पाहिलं.

"सांगा."

"मध्ये कुत्रं नव्हतं, बुवा."

फाटकापाशी चिंचेखाली विलास उभा होता. पाठ करून.

"मठातल्या कुत्रीला पिल्लं झालीत म्हणे," दौलतराव घाईनं म्हणाले. "एक द्या. तेवढ्यासाठीच आलोय."

बुवा उठले. दौलतरावांना घेऊन अंगणात उतरले. विलासला हाक मारून जवळ बोलावलं. मग बापलेकांच्या मधोमध, तापलेल्या मातीत बसून राहिले. तोंड बंद.

"अहो, उन्हात काय बसलात..." दौलतराव म्हणाले.



विलास पायानं माती उकरू लागला. दौलतरावांनी उपरणं काढलं, पुन्हा खांद्यावर टाकलं. घसा खाकरला. शेवटी बुवांकडे बघतच ते म्हणाले,

"त्याला म्हणावं... घर खायला उठतंय."

विलासची मान झटकन वर आली.

बुवा तसेच बसलेले.

"सांगा की त्याला, बुवा!"

बुवांनी वर पाहिलं.

"भुऱ्यानं तरी कधी निरोप पोचवला होता?"