मोडकी माझी

कुसरवाडीची चढण संपली की भाकरखिंड लागते. डाव्या हाताला पाण्याचं टाकं, त्याच्या वर खिंडीतल्या आईची घुमटी आणि घुमटीपुढे तीन काळे धोंडे. ट्रेकला येणारी पोरं त्यांवर पाठपिशव्या टेकवतात, मग वाडीतले हैबती नाना कुठूनतरी येतात आणि म्हणतात, "उचला बाळांनो, चूल हाय ती." आणि पोरांना दम खायला वेळ हवाच असतो, तेवढ्यात नाना बसूनही घेतात आणि त्या चुलीची गोष्ट सुरू करतात.

फार मागची गोष्ट आहे, असे सांगतात. तेव्हा कुसरवाडीत जेवण ऋतूच्या मुठीत होतं. थंडीला बाजरी, शिमगा झाला की ज्वारी, आभाळ भरून आलं की नाचणी. होळीत बाजरीची शेवटची भाकरी टाकायची आणि मग थंडी पडेपर्यंत बाजरीला हात लावायचा नाही. हा कायदा गावात सगळ्यांत कडक पाळायची ती सर्जाबाई. तिच्या हातची भाकरी कधी मोडली नाही, असा तिचा लौकिक होता, आणि तो तिला चांगलाच ठाऊक होता.

तिच्या घरी सून आली ती खिंडीखालची, कोकणातली. येसू तिचं नाव. ती भाताच्या मुलखातली पोर. तिकडे पाण्याला आधण आणून त्यात पीठ घालतात, वाफ आणतात आणि मग मळतात. पहिल्याच दिवशी तिने चुलीवर पाणी ठेवलं तशी सर्जाबाई म्हणाली, "उकड आमच्यात आजाऱ्याला करत्यात. हितं सगळी धडधाकट हायती." येसूने पाणी उतरवलं. मग ती गार पाण्यात मळून थापायला शिकली. भाकऱ्या कधी जमत, कधी तव्यावर उलटताना फाटत. सून मागे राहून एकटीच जेवते, एवढंच सर्जाबाईला दिसायचं. कोकणातली माणसं जरा आतल्या गाठीची, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

पुढे एक साल असं आलं, की शिमगा झाला तरी ज्वारी घरात आली नाही. रानात कडबासुद्धा उभा राहिला नव्हता. जमिनीतल्या पेवात साठवलेली होती ती तीन सालांमागची बाजरी. कायदा गुंडाळून ठेवून गावाने भर उन्हाळ्यात बाजरी दळली. जुन्या दाण्याच्या पिठाची विरी गेलेली, चिकटपणा नावालाही नाही, चवीला कडसर. सर्जाबाईची भाकरी तव्यावर मोडली. गाव कुजबुजलं, पण तिला त्याचं काही वाटलं नाही, कारण येसूला दिवस गेले होते आणि तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. पोर वाळत चालली होती. सर्जाबाई भ्याली. कुणाला सांगणार? रोज ताट वाढायची आणि तसंच उचलायची.

शेवटी बाळंतपणाला माहेरी पोचवावी म्हणून ती स्वतः येसूला घेऊन निघाली. पिठाची पुरचुंडी, मातीचा तवा, एक गाडगं एवढंच बरोबर. खिंडीत पोचल्यावर येसू टाक्यापाशी बसली ती उठेचना. ओठ पांढरे पडले होते. खाली माहेर दिसत होतं आणि मागे सासर, पण दोन्हीकडे जायचं बळ नव्हतं.

सर्जाबाईने तीन धोंडे मांडले, काटक्या पेटवल्या, सपाट दगडावर पीठ मळलं. भाकरी हातावरच चिरली. दुसरी केली, तीही गेली. तेव्हा ती घुमटीकडे वळून म्हणाली, असे सांगतात, "आई, हिच्या पोटात चार घास जाऊ दे. चुलीपुढचा माझा मान आजपासून हिचा."

मागून येसूचा बारीक आवाज आला. "आत्याबाई, पानी उकळा आदी."

सर्जाबाईने गाडग्यात आधण ठेवलं. सून सांगेल तसं मीठ घातलं, पीठ वैरलं, पानाने झाकलं. वाफेचा गोळा चटके देत होता, पण तिने तो सोडला नाही. भाकरी थापली गेली, तव्यावर पडली. तिने घाईने उलटली आणि ती मधोमध फाटली. तो तुकडा घ्यायला येसूने हात पुढे केला.

"थांब, दुसरी होतीय."

"मोडकी माझीच असती, आत्याबाई," येसू म्हणाली. सहज म्हणाली, रोजचं असावं तसं.

सर्जाबाईचा हात तव्यावरच राहिला. मागे राहून एकटीच जेवणारी सून तिला त्या क्षणी उमगली. धड भाकऱ्या घरादाराला वाढून ही पोर आल्या दिवसापासून मोडक्या खात होती. सर्जाबाईला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. दुसरी भाकरी अखंड निघाली. ती तिने येसूच्या हातावर ठेवली आणि फाटकी आपल्या पदरात घेतली. "आता मोडकी माझी."

येसू जेवली. ते अन्न पोटात ठरलं. तेवढं पीठ दिवस कलेपर्यंत पुरलं म्हणे. नाना म्हणतात, "आई पावली म्हना, न्हाईतर गोडीनं खाल्लं की थोडंबी पुरतं म्हना." येसू स्वतःच्या पायांनी खिंड उतरली. माहेरी मुलगी झाली. आणि पावसाच्या आधी ती परत चढून आली, तेव्हा सर्जाबाई याच चुलीपाशी आधण ठेवून बसली होती, असे सांगतात.

आता कुसरवाडीत गॅस आहे, बाराही महिने गहू आहे. सुना कुठून कुठून येतात, कुणी वरणफळं आणते, कुणी तांदळाची बोरं. पण आजही घरातलं धान्य बदललं, की सासू सुनेला विचारते, "तुमच्याकडं आता काय करत्यात?" आणि तिच्या सांगण्याने तसं रांधते. आजही त्या दिवशी पहिली भाकरी सासू उकडीची करते, चांगली फुगलेली, अखंड. तव्यावरून उतरवते, सगळ्यांदेखत आपल्या हाताने मोडते आणि ती आपल्या ताटात घेते. मग दुसरी करते, सुनेसाठी.