हेमाईने रंगवलेली संध्याकाळ

एका राज्यात संध्याकाळ होत नव्हती. ऐकणाऱ्याला वाटेल, सांगणारा थापा मारतो आहे. पण नाही, खरंच होत नव्हती. आकाशात लख्ख दिवस असे, मग कुणी सुरीने कापावा तसा तो कापला जाई आणि लगेच काळोख. मधलं काही नाही. गायी घरची वाट अर्धी सोडून रानातच थबकत. देवळातला पुजारी सांजवात हातात धरून भांबावून उभा राही. रातराणीला कधी उमलावं तेच कळेना, म्हणून ती उमलेचना.

हे झालं राजाच्या एका शब्दाने. दरबारात कर्कोट नावाचा जादूगार आला होता. त्याचे खेळ पाहून राजा खुशीत म्हणाला, "माग, काय हवं ते."

"महाराज, आपल्या राज्यातली संध्याकाळ द्या."

राजा हसला. संध्याकाळ का कुणी उचलून नेतं? "घेऊन जा," म्हणाला. कर्कोटाने चंदनाची डबी उघडली, आकाशातली संध्याकाळ पागोट्यासारखी गुंडाळून आत ठेवली आणि झाकण लावलं. त्या वेळी जे जे उघड्यावर होते, तेही तिच्याबरोबर डबीत गेले. त्यांत हेमाईचा बाप होता.

हेमाई म्हणजे त्या राज्याची चितारीण. नखाएवढ्या कागदावर राजाची अख्खी स्वारी काढणारी. तिचा कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा, आणि त्याच्या टोकाला एकच केस पुढे आलेला. त्या केसाने ती हत्तीच्या पापण्या काढी. तिला गर्व होता का? होता. का नसावा? तिच्यासारखी रेघ दुसऱ्या कुणाची नव्हती, आणि हे ती स्वतःच सर्वांना सांगे, म्हणजे इतरांना सांगायचा त्रास नको.

तिच्या कामात खोट काढणारा माणूस एकच, तिचा बाप सिदोबा. तोही चितारी, तिचा गुरू तोच. जन्मात त्याने लेकीची पाठ थोपटली नाही. चित्र डोळ्यांशी नेई, उजेडात तिरपं धरी आणि म्हणे, "रेघ बरी आहे. जोड दिसतो." रंगाला रंग भेटतो तिथे हेमाईचा हात घाई करी, तिथे तिच्या चित्रात सांधा राही, हे त्याचं म्हणणं. "ओल्यावर हात घालू नकोस, हेमा. वाळू दे." एवढं सांगून तो रोज टेकडीवर जाई. मावळतीचं आकाश बघून शिंपल्यांत रंग कालवी, कागदावर लावी, आणि दर रंगानंतर कुंचला आपल्या उपरण्याच्या काठाला पुसे.

"पुसायला घरात चिंध्या नाहीत का, बाबा?" हेमाई करवादे. ते उपरणं धुऊन धुऊन तिचे हात भरून येत आणि डाग काही जात नसत. सिदोबा गेला त्या दिवशी ते उपरणं दोरीवर वाळत होतं. तेवढंच मागे राहिलं.

काही दिवस वाट पाहून हेमाईने ते कमरेला बांधलं, कुंचले आणि शिंपले घेतले आणि दरबारात गेली. "महाराज, तुम्ही दिलीत, मी परत आणते," म्हणाली. राजाने मान खाली घातली. दुसरं करण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं.

गावकुसाबाहेर दगडावर एक रातवा बसला होता. हा पक्षी संध्याकाळी उठतो, उडते किडे खातो. संध्याकाळच नाही तर त्याने उठायचं कधी? उपाशी राहून त्याची पिसं सैल झाली होती.

"बाई, कर्कोटाकडे निघालीस ना?" रातवा म्हणाला. "वाट मला माहीत आहे. पण याआधी मी नेलेले चितारी परतले नाहीत, तेही सांगून ठेवतो."

"त्यांत माझ्याएवढा हात कुणाचा होता?"

"प्रत्येकाने हेच विचारलं," रातवा म्हणाला, आणि वाट दाखवत पुढे उडाला.

कर्कोटाचा बुरूज काळ्या दगडाचा होता. आत भिंतभर माणसांची चित्रं, हातात कुंचला धरलेली, डोळे हलणारी. तेच ते न परतलेले चितारी. मधोमध चौरंगावर चंदनाची डबी होती, आणि तिच्याशेजारी कर्कोट बसला होता.

"डबी हवी," हेमाई म्हणाली.

"तीन कामं कर, घेऊन जा. चुकलीस तर भिंतीवर जागा आहे."

"सांग."

कर्कोटाने तिच्या तळहातावर ज्वारीचा दाणा ठेवला. "यावर पिसारा फुललेला मोर काढ."

हेमाईला हसू आलं. तिने दाणा मेणावर बसवला, कोपर बरगडीला टेकवलं, करंगळी चौरंगाला टेकवली. हात नुसता हवेत असला की थरथरतो. टेकला की स्थिर. श्वास सोडून दिला आणि सोडलेल्या श्वासात रेघ ओढली. मोर झाला. कर्कोटाने बोट लावलं तर मोराने मान वळवून त्याला चोच मारली.

कर्कोटाने बोट चोखत कोनाड्यातलं कोळ्याचं जाळं दाखवलं. "यातला एकेक धागा रंगव. एकही तुटता कामा नये."

हे अवघड होतं. कुंचल्यात रंग जास्त झाला तर थेंबाच्या भाराने जाळं बसणार. कमी झाला तर कोरडा केस धाग्यात अडकून तो तोडणार. हेमाईने ताकाच्या निवळीइतका पातळ रंग केला, कुंचला भरला, शिंपल्याच्या कडेवर निथळवला, मग अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिला. नखावर ओल उमटावी पण थेंब साचू नये, एवढाच ठेवला. प्रत्येक धाग्याला असं केलं. जाळं हिरवंगार झालं, आणि कोळी बाहेर येऊन, "आता यात माशी कशी सापडायची?" म्हणून कुरकुरला.

हेमाईने ताठ मानेने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरच्या चिताऱ्यांनी मात्र डोळे मिटून घेतले. ते सगळे इथवर आले होते.

कर्कोटाने रुपयाएवढ्या तीन चकत्या कागदाच्या काढल्या. "संध्याकाळ काढ. खाली केशरी, वर निळी, आणि मध्ये सांधा नको." त्याने बाहीतून एक तांबडी मुंगी सोडली. "ही माझी मुंगी. रंगात कुठेही काठ असला तर ती तो ओलांडत नाही. खालून वर जाऊन परत आली, तर जिंकलीस. कागद तीन आहेत."

हेमाईने पहिला कागद घेतला, खाली केशरी लावला, वर निळा, आणि दोन्ही मध्ये ओढून मिसळले. मिसळले ते चिखल झाले. गढूळ, गाळासारखा पट्टा. मुंगी त्याच्यापाशी आली आणि बसून राहिली.

हेमाईचं तोंड उतरलं. केशरी आणि निळ्याच्या मध्ये आकाशात काय असतं? तिला आठवेना. ती आयुष्यात एकदाही बापाबरोबर टेकडीवर गेली नव्हती. त्या वेळी ती घरात रेघा मारत बसलेली असे. फार वाईट वाटलं तिला. रागाने तिने हातातला कुंचला कमरेच्या उपरण्याला पुसला.

पुसला आणि थांबली. ही खोड बापाची. तिने उपरण्याचा काठ वर धरला. तिथे ओळीने डाग होते: केशरी, त्याच्या शेजारी अबोली, मग डाळिंबी, मग गुलबाशी, मग जांभळा, मग निळा. रोज एकाच क्रमाने पुसलेले, एकावर एक बसलेले. तिने जे धुऊन काढायला जिवाचं रान केलं होतं, ती बापाची संध्याकाळ होती.

"बाबा," ती डबीकडे बघून म्हणाली, "बरं झालं माझे हात दुखले आणि डाग गेले नाहीत."

दुसऱ्या कागदावर तिने सगळे रंग क्रमाने लावले. दोन कुंचले घेतले, एक रंगाचा, दुसरा नुसत्या ओलसर पाण्याचा; रंगाची कड पाण्याच्या कुंचल्याने पुढे ओढून विरवायची. छान उतरत होतं. फक्त डाळिंबीची कड किंचित राहिली असं वाटलं, म्हणून तिने ओल्यावर पुन्हा एकदा कुंचला फिरवला. मग आणखी एकदा. खालचा रंग उचकटून आला आणि कागदावर डाग पडला. मुंगी डागापाशी बसली.

खिडकीत रातवा होता. "बाई, मला भूक लागली आहे म्हणून घाई करू नकोस," तो म्हणाला. भुकेल्या पक्ष्याने असं म्हणावं, याचं हेमाईला फार वाटलं.

तिसरा कागद. भिंतीवर तिच्या मापाचा चौकोन आधीच उजळला होता. तिने केशरीचा पातळ हात दिला, ओल्या कुंचल्याने कड एकदाच विरवली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. काय हात शिवशिवले म्हणता. बोटं वळवळत होती. ती उठली नाही. कागद गालाला लावून पाहिला, गार लागला, म्हणजे ओला, पुन्हा ठेवला. गार लागेनासा झाला तेव्हा अबोलीचा हात दिला, तोही निम्मा केशरीवर चढवून. पुन्हा बसली. कर्कोट जांभया देऊ लागला. बाहेर दिवस कापला गेला, पुन्हा उगवला, हेमाई हातांवर बसलेली. एकेका रंगाचे कितीतरी हात, प्रत्येक इतका फिका की लावला की नाही ते कळू नये. शेवटी तिने कागद पालथा घालून गुळगुळीत दगडाने मागून घोटला आणि पुढे केला.

मुंगी केशरीवर चढली. अबोली गेलं, डाळिंबी गेलं. गुलबाशीत तिने जरा मिशा हलवल्या. हेमाईचा जीव टांगणीला लागला. मुंगी चालत राहिली, निळ्याच्या टोकाला पोचली, वळली आणि आल्या वाटेने खाली उतरली.

कर्कोटाने मुंगी उचलून बाहीत घातली. डबीचं झाकण आपोआप उघडलं आणि संध्याकाळ उलगडत खिडकीतून बाहेर गेली. भिंतीवरचे चितारी अंग झाडत खाली उतरले. डबीतून गुराखी आले, गायी आल्या, सरपणाच्या मोळ्या घेतलेल्या बाया आल्या, आणि सर्वांच्या मागून, हातात शिंपला धरून, सिदोबा आला. कर्कोटाच्या अंगातली जादू संध्याकाळीबरोबर गेली. तो जिन्याने खाली उतरून निघून गेला. खिडकी मोकळी होती. रातवा केव्हाच जेवायला गेला होता.

सिदोबाने लेकीच्या हातातला कागद घेतला. डोळ्यांशी नेला. खिडकीपाशी जाऊन तिरपा धरला, उलटा धरला, पुन्हा सुलटा धरला.

"जोड कुठे आहे?" त्याने विचारलं.

"शोधा, बाबा."

त्याने शोधला. बाहेरचं केशरी डाळिंबी झालं, डाळिंबी जांभळं झालं, तरी तो शोधतच होता. मग त्याने मान वर केली. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते.

"नाही सापडत," सिदोबा म्हणाला. "हेमा, मला नाही सापडत." आणि भिंतीवरून उतरलेल्या त्या सगळ्या चिताऱ्यांना हाक मारून, कागद उंच धरून त्याने सांगितलं, "बघा रे. माझ्या लेकीच्या हातचं आहे."

तेव्हापासून त्या राज्यात रोज संध्याकाळ होते, गायी वेळेवर घरी येतात, आणि टेकडीवर दोन चितारी शेजारी बसून एकाच उपरण्याला कुंचले पुसतात. ते उपरणं आता कुणी धूत नाही. केशरात सुरू झालेली ही कहाणी निळ्यात पोचली. तिच्यात जोड सापडला, तर तो सांगणाऱ्याचा, हेमाईचा नव्हे.