मूठभर दाण्याचा बोल

एका नगरात चौकातल्या वडावर तीनशे साळुंक्या राहत. कंकाळनाथ जादूगाराने त्या नगराला भेट दिल्या होत्या. कुणीही यावे, साळुंकीच्या कानात वाटेल ते सांगावे आणि तिने ते घरोघर ओरडून यावे, सगळे फुकट. लोक हरखले. फुकट ते पौष्टिक! पण या पाखरांना चारा कोण घालतो, हे एकाही शहाण्याने विचारले नाही.

चारा कंकाळनाथ घाली. लोक जितके संतापत, तितके त्याच्या कोठारात मंतरलेले दाणे वाढत. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. म्हणून हरवलेल्या वासराची बातमी साळुंक्या एकदा पुटपुटत आणि भांडणाची शंभरदा ओरडत. एके दिवशी त्या ओरडल्या, "राजवैद्य अमृतदत्त औषधात विष घालतो!" लोक दगड घेऊन धावले. वैद्य तीन डोंगर ओलांडून पळाला आणि त्याच आठवड्यात राजकन्या केतकीला ताप चढला. पोर दिवसेंदिवस विझत चालली.

राणी हेमावतीने साळुंक्यांना सांगितले, "वैद्यराजांना परत बोलवा." एकही चोच उघडली नाही. या बोलाने कोण संतापणार?

तेव्हा सगुणा पुढे आली. पूर्वी नगरात दवंडी ती पिटी. ज्याची दवंडी, त्याने मूठभर जोंधळा द्यायचा, अशी रीत होती. साळुंक्या आल्या आणि तिची हलगी खुंटीला लागली. तिने सर्वांत म्हाताऱ्या साळुंकीला विचारले, "तुम्ही फक्त भांडणेच ओरडता. हा शाप कसा सुटेल?"

"तीन माणसांनी तीन खरे बोल सांगावेत. प्रत्येकाने आपल्या कष्टाचा मूठभर दाणा द्यावा. मग आमचे गळे मोकळे होतील."

सगुणाने घरातली शेवटची मूठ आणली. "वैद्यराज, केतकी मरणाच्या दारी आहे." साळुंकीने दाणे टिपले आणि ती डोंगराकडे उडाली.

राणीने सोन्याच्या ताटात दाणे आणले. साळुंकी म्हणाली, "हा रयतेचा दाणा. तुझा कुठे आहे?" राणी वरमली. पदर खोचून तिने दिवसभर शेतात कापणी केली. हाताला फोड आले, तेव्हा कुठे मूठ भरली. "वैद्यराज, मी तुमचे रक्षण केले नाही." दुसरी उडाली.

तिसरा बोल कोण देणार? चौकात हजार माणसे आणि हजार मुठी झाकलेल्या. अखेर गुणाजी कुंभार मडक्यांच्या बदल्यात मिळालेला मूठभर जोंधळा घेऊन, मान खाली घालून आला.

"विष घालताना म्या पाहिलं नव्हतं. ऐकलं, तेच पुढं ढकललं. फुकट होतं ना, आईसाहेब!" त्याला रडू कोसळले. तिसरी उडाली.

तत्क्षणी कोठारातल्या दाण्यांचा भुसा झाला. वाऱ्याने भुसाही नेला आणि कंकाळनाथालाही. तो कुठे पडला, याची चौकशी कुणी केली नाही.

तिसऱ्या दिवशी वैद्य आला. काढा पोटात गेला, घाम फुटला आणि केतकीने डोळे उघडून पेज मागितली. राणी हसावे की रडावे हे न कळून दोन्ही करू लागली.

मग तिने हुकूम काढला, "यापुढे ज्याचा बोल, त्याचा दाणा."

सगुणाने विचारले, "ज्याच्या घरी दाणाच नाही, त्याने?"

"त्याच्या घरी आधी दाणा पोचवा."

दुसऱ्या सकाळी लोक मुठी भरून वडाखाली आले, आपला बोल दाण्याच्या मोलाचा आहे का, याचा घटकाभर विचार करत उभे राहिले आणि बहुतेकांनी घरी परतून ते दाणे जात्यात टाकले. त्या दुपारी नगर इतके शांत होते, की केतकीला गाढ झोप लागली, आणि तिच्या उशाशी बसल्या बसल्या राणीलाही.