पर्शरामानं स्टुडिओ सजवला

कृष्णाकाठच्या एका गावात पर्शराम नावाचा एक भोळा सुतार होता. हात त्याचा झकास. रंधा मारला की फळीत तोंड दिसावं. पण कानात शिरलेला शब्द तसाच्या तसा हातात उतरायचा, वाटेत डोक्यात थांबायचा नाही. एकदा कुणीतरी त्याला म्हणालं, जरा देवळावर नजर ठेव, मी आलोच. तो माणूस परगावी निघून गेला आणि पर्शराम दिवस मावळेपर्यंत कळसाकडे बघत बसला. मान आखडली, पण नजर हलू दिली नाही.

त्याच गावात वृंदाताईंचा स्टुडिओ होता. ताई पुण्याला चित्रकला शिकून आलेल्या. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, लोणच्याच्या बरणीवरची लेबलं, हे सगळं त्या आणि त्यांच्याकडच्या दोन मुली करायच्या. लोकांचं सगळं देखणं करून द्यायच्या. स्वतःचं ऑफिस म्हणजे मात्र जुन्या दूध डेअरीची खोली. भिंतींना पोपडे, जिकडेतिकडे कागदांचे ढीग, बसायला दुधाचे उलटे क्रेट.

अशात मुगळेशेठचा निरोप आला. शेठचा मसाल्याचा मोठा कारखाना. सगळ्या पुड्यांवरची चित्रं त्यांना नव्यानं करून हवी होती. पण आधी तुमची जागा बघीन, मगच काम देईन, असं त्यांनी कळवलं. ज्यांना स्वतःची खोली सजवता येत नाही ते माझ्या पुड्या काय सजवणार, असं त्यांचं म्हणणं. हे काम गेलं असतं तर ताईंना स्टुडिओला कुलूप घालून पुण्यात नोकरी शोधावी लागली असती.

तेव्हा स्टुडिओत झाडलोट करणाऱ्या कोंडामावशीनं आपल्या भाच्याचं, म्हणजे पर्शरामाचं नाव सुचवलं. निघताना तिनं त्याला बजावलं, की ताई शिकलेल्या आहेत, त्या सांगतील ते मनात धर आणि तसंच कर. पर्शरामानं मान डोलावली.

ताईंनी त्याला खोली दाखवली. फार दाटीवाटी झालीय, म्हणाल्या, आत पाऊल टाकलं की मोकळं मोकळं वाटलं पाहिजे. एवढं सांगून त्या जेवायला गेल्या. पर्शराम कामाला लागला. टेबलं बाहेर. कपाटं बाहेर. कागद, क्रेट, पाण्याचा माठ, सगळं बाहेर. शेवटी बिजागऱ्या उचकटून दारही बाहेर नेऊन ठेवलं. मग मधोमध उभा राहून त्यानं लांब श्वास घेतला. खरंच मोकळं वाटत होतं. शेजारच्या तानुबाईंच्या शेळ्यांनाही तसंच वाटलं. त्या आत हिंडून आल्या आणि मग बाहेर बसून पत्रिकांचे नमुने खाऊ लागल्या.

ताई परत आल्या तेव्हा फक्त मुंजीची एक पत्रिका उरली होती, तीही अर्धी. ताईंनी त्याला समजावलं, की बाबा रे, दार काढायचं नसतं. आत काम चालू असलं की दारं-खिडक्या गच्च लावून घ्यायच्या.

"लक्षात ठेवलं, ताई," पर्शराम म्हणाला, आणि घरी पोचेपर्यंत तेवढंच घोकत गेला.

मग आलं भिंतींचं काम. ताईंनी पिस्ता रंग निवडला होता, तेलाचा, वासाला उग्र. पर्शरामानं दार लावलं, खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या आणि रंगवायला घेतलं. दुपारी मुलींना आतून गाणं ऐकू आलं. त्यांनी दार ढकलून उघडलं. पर्शराम शिडीवर बसला होता आणि ब्रशला आग्रह करत होता, की पाहुणे, अजून अर्धी पोळी तरी घ्या. भिंत मात्र सुरेख झाली होती.

त्याला अंगणात आणून तोंडावर पाणी मारलं. शुद्धीवर आल्यावर तो फार ओशाळला. सांगितलं तसंच तर केलं होतं. ताई म्हणाल्या, असं काम करताना सगळं सताड उघडं ठेवायचं, पंखा जोरात सोडायचा, वारं खेळतं राहिलं पाहिजे.

"लक्षात ठेवलं, ताई."

ताईंनी पुण्याहून बसायला मऊ, गोल पिशव्या मागवल्या होत्या. त्यांत भरायचे थर्माकोलचे मणी पोत्यांतून वेगळे आले होते. साबुदाण्याएवढे, कापसाहून हलके. हे भरून ठेव, एवढंच त्याला सांगितलं होतं. पर्शरामानं दार उघडलं, खिडक्या उघडल्या, पंखा जोरात सोडला आणि पोत्याचं तोंड सोडलं.

मणी उठले. खोलीत एक फेरी मारून खिडकीतून बाहेर पडले आणि बाजारपेठेत उतरले. भजीवाल्याच्या पिठात पडले. न्हाव्याकडे साबण लावून बसलेल्या सरपंचांच्या गालांवर जाऊन चिकटले. मास्तरांनी बाहेर बघितलं आणि गारपीट समजून शाळा सोडून दिली. पोरांनी त्या दिवशी पर्शरामाला फार दुवा दिला.

ओरडून ओरडून ताईंचा घसा बसला होता. त्या अगदी हळू बोलल्या.

"पर्शराम, जे हलतं, जागेवर ठरत नाही, ते आधी पक्कं करायचं. सरस लाव, काहीही कर. पण एकदा बसलं की तिथून उठता कामा नये."

"लक्षात ठेवलं, ताई."

पिशव्या रिकाम्याच राहिल्या. मग पर्शरामानं सागवानाच्या तीन खुर्च्या केल्या. अशा देखण्या, की ताई आधीचं सगळं विसरल्या. गाद्यांसाठी कापड तेवढं अजून आलं नव्हतं, आणि शेठ यायचा दिवस तर उजाडला.

त्यांना आणायला जाता जाता ताई मुलींना म्हणाल्या, की शेठ भारी चंचल माणूस, एका जागी ठरत नाहीत, बसले न बसले की उठून चालू लागतात. पर्शरामानं हे ऐकलं. हे काम जाता कामा नये, एवढं त्याला कळत होतं. त्यानं सरसाचा डबा उघडला.

मुगळेशेठ आले, चौकड्यांच्या सुटात. पिस्ता भिंत बघून खूश झाले आणि समोरच्या खुर्चीत बसले. दोन-चार चित्रं बघितली, विचार करून कळवतो म्हणाले, आणि उठायला गेले. उठवेना. पुन्हा जोर केला. खुर्चीसकट अर्धवट उभे राहिले आणि खाली बसले. बायकामाणसांसमोर काय बोलणार? म्हणाले, आणखी दाखवा. ताईंनी आणखी दाखवली. दुपार कलली तरी शेठ आणखी दाखवा, आणखी दाखवा म्हणत होते. बघता बघता त्यांना चित्रं खरोखर आवडली. सगळ्या पुड्यांचं काम त्यांनी ताईंना देऊन टाकलं. मग मान खाली घालून अडचण सांगितली.

ताईंनी पर्शरामाकडे बघितलं. तो समाधानानं उभा होता.

"माणूस तेवढा सुखरूप सोडव," शेठ त्याला म्हणाले, "पण खुर्ची फार सुंदर केलीयस रे. तिला ओरखडा येऊ देऊ नकोस."

पर्शरामानं कात्री घेतली आणि शेठच्या भोवतीनं अगदी रेघेत कापलं.

शेठ रंगकामाची चादर कमरेला गुंडाळून जीपमध्ये बसले. ताई डोकं धरून खाली बसल्या. पर्शराम दोन पावलं मागं सरला आणि मान तिरकी करून खुर्चीकडे बघू लागला. पिस्ता भिंतीपुढं चौकड्या काय खुलून दिसत होत्या.

"ताई," तो म्हणाला, "कापड एकच नंबर बसलंय. उरलेल्या दोन खुर्च्यांसाठी शेठना परत कधी बोलवायचं?"