खोक्यातला झेंडू

एक होतं कॉम्प्युटरचं खोकं. त्यात राहायचे खेळाची चित्रं रंगवणारे कार्डदादा आणि त्यांना वारा घालणारा धाकटा भाऊ पंखा. दसऱ्याला घरच्या मृण्मयीनं खोक्याच्या जाळीवर झेंडू वाहिला. त्या दिवसापासून पंखा खरखरू लागला, दादा तापू लागले.

"गप रे मेल्या! तुझ्या कटकटीनंच डोकं तापतंय," दादा खेकसले.

"बरं, बसतो गप्प." पंखा थांबला.

लगेच दादांना घेरी आली. "अरे सोन्या, ओरड! भाजलो मी!"

पंखा जीव खाऊन खरखरला. मृण्मयीनं खोकं उघडलं. "अगंबाई, पंख्यात माझ्याच झेंडूच्या पाकळ्या!" तिनं त्या ब्रशनं झाडल्या.

पुढच्या दसऱ्याला झेंडू टेबलावर वाहिला. खोक्यात पंखा गुणगुणत होता आणि गार झालेले दादा म्हणत होते, "जरा मोठ्यानं गा की रे!"