टिटवीभोवतीचे दगड

“तात्या, रोज इथं असता, तरी तुम्हाला ते घरटं दिसलं नाही?”

मी विचारलं. एरवी चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. त्या सकाळी मात्र आवाजात ऐट होती.

सोनबातात्या पूर्वी या तळ्यात मासे धरायचे. आता ते लोकांना पक्षी दाखवतात आणि सुट्टीत आम्हा शाळेच्या मुलींकडून काठाची राखण करून घेतात. ते नुसते माझ्यामागून निघाले.

वाटेत मीच बोलत होते. टिटवीचं घरटं, उघड्या मुरमातला नुसता खळगा. चार अंडी, मातकट, काळ्या ठिपक्यांची. कुणाचा पाय पडू नये म्हणून मी पायवाटेच्या कडेचे चुना लावलेले दगड नेऊन त्याभोवती गोल मांडला होता. लांबूनही दिसेल असा.

तात्या थांबले.

“कधी?”

“सातला.”

नऊ वाजून गेले होते. तात्या माझ्यापुढे गेले.

गोल तसाच होता. आत कवचाचे दोन तुकडे. बाभळीवर कावळे चोची पुसत होते, आणि टिटवी आमच्या डोक्यावरून ओरडत फिरत होती.

“बारा दिस झाले त्या घरट्याला,” तात्या म्हणाले. “म्हणून तर वाट बदलली व्हती.”

बारा दिवस ते आम्हाला काट्याकुट्यांच्या बांधावरून नेत होते. म्हातारा उगाच फिरवतो, असं कुजबुजणाऱ्यांत मीही होते.

“पाय पडू नये म्हणून...” मी म्हणाले.

तात्या बघत राहिले.

“...आणि हे कुणी शोधलं, असं सगळ्यांनी विचारावं म्हणून.”

माझी मान वर होईना.

तात्यांनी वाकून एक दगड उचलला. मग मीही उचलले. आम्ही ते सगळे पायवाटेवर आणून लावले. उद्यापासून मी येणार नाही, असं मी सांगितलं. ते दगड सरळ करत राहिले.

ओरडणं थांबलं. टिटवी मुरमावर उतरली. चार पावलं धावली, थबकली. मग त्या खळग्यावर पिसं फुलवून बसली.

मला बघवेना.

“तात्या, तिथं तर आता काहीच नाही...”

“हळू बोल,” तात्या म्हणाले. “ती बसलीय.”